ओळ सरकली, टिक राहिली

लातूरच्या त्या डायलिसिस सेंटरमधलं सॉफ्टवेअर मी लिहिलंय, ही गोष्ट आईने तिथल्या एकूण एक पेशंटला सांगून ठेवली होती. आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, ती तिथे बारापासून चारपर्यंत मशीनला जोडलेली असते. वेळ भरपूर, आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला उठून जाता येत नाही. मग काय, "ते पडद्यावर दिसून राहिलं ना, ते आमच्या पोरीनं केलंय, नांदेडला असते ती." मी ओरडायचे, आई पुरे कर. पण खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

मी नांदेडला राहते. एक कॉलेजमधला मित्र आणि मी, असं दोघांचं मिळून एका मेडिकलच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस आहे. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सेंटरचं काम मिळालं ते माझ्या तोंडामुळे. आई लातूरला भावाकडे असते. तिच्यासोबत एकदा गेले होते, तिथल्या रजिस्टरचा गोंधळ बघून डोकं फिरलं, आणि डॉक्टरांना सरळ म्हणाले की याच्यापेक्षा आमच्या गल्लीतलं किराणा दुकान नीट चालतं. ते हसले आणि म्हणाले, मग तुम्हीच करून द्या. दिलं करून. माझा स्वभाव असा आहे की आधी बोलायचं आणि मग निस्तरत बसायचं. बहुतेक वेळा निस्तरता येतं.

त्यातला एक पडदा फार साधा होता. त्या दिवशीच्या पाळीचे पेशंट एकाखाली एक. प्रत्येक ओळीत नाव, वजन आणि शेवटी एक छोटा चौकोन: 'हेपरिन नको'. हेपरिन म्हणजे रक्त पातळ ठेवायचं औषध. मशीनच्या नळ्यांतून फिरताना रक्त गोठू नये म्हणून ते देतात. पण कुणाला जखम असेल, ऑपरेशन झालं असेल, दात काढला असेल, तर त्या माणसाला ते द्यायचं नाही, नाहीतर रक्त थांबता थांबत नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी सिस्टरने एकेकाला विचारायचं, लागेल तिथे टिक करायची, शेवटी 'जतन करा' दाबायचं. त्याप्रमाणे टेक्निशियन मशीन लावतो.

आईच्या पाळीची सिस्टर मूळची कंधारकडची, पन्नाशीची. बोलणं कमी, हात हलका. डायलिसिसची सुई चांगली जाड असते, पण तिने घातली की आई तोंडातून 'स' काढत नाही. दुसऱ्या कुणाला आई हात लावू देत नाही. एकदा ही सिस्टर रजेवर होती तर आई चक्क म्हणाली, मी उद्या येते.

त्या सोमवारी काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. मुरुडचे एक रिटायर गुरुजी त्याच पाळीला यायचे. आदल्या दिवशी त्यांची दाढ काढली होती. त्यांना हेपरिन दिलं गेलं. संध्याकाळी मुरुडला घरी पोचले, चूळ भरायला गेले आणि तोंडातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. परत लातूरला आणलं, दवाखान्यात भरती केलं, दोन दिवस ठेवलं. वाचले. पण त्यांच्या मुलाने सेंटरवर येऊन टेबलावर हात आपटला, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी ग्रुपवर विचारलं. सेंटरचा सगळा स्टाफ आणि आम्ही दोघं, असा तो ग्रुप, सॉफ्टवेअरच्या तक्रारींसाठी काढलेला. मी चहा पीत पीत सर्व्हरवरची नोंद काढली. सिस्टरचं लॉगिन, साडेअकराची वेळ, टिक एकच. आणि ती गुरुजींच्या नावावर नव्हती, त्यांच्या खालच्या पेशंटवर होती. नोंदीत नावं नसतात, नुसते पेशंटचे नंबर असतात. तो खालचा नंबर कुणाचा, हे मी बघितलंसुद्धा नाही. दहा मिनिटांत टाइप केलं: 'सॉफ्टवेअर व्यवस्थित आहे. टिक चुकीच्या ओळीवर केली गेली. मानवी चूक.' वर तारीख-वेळ असलेला नोंदीचा फोटो जोडला. त्या 'मानवी चूक' वर मी खूशही झाले होते.

बुधवारी दुपारी सिस्टरचा फोन आला. ती आधी कधीच मला फोन करत नसे. मी एका दुसऱ्या दवाखान्याच्या बिलाच्या पानावर वैतागून बसले होते. ती हळू आवाजात सांगू लागली, की तिने गुरुजींच्याच ओळीवर टिक केली होती, तिला पक्कं आठवतंय, कारण ती त्यांना म्हणाली होती की सर, आता दोन दिवस भाकरी दुधात कुस्करून खा. मग दोन नंबरच्या पेशंटचा फोन आला की येत नाही, काउंटरवरून त्याचं नाव काढलं गेलं, आणि तेव्हा पडद्यावर काहीतरी हललं. तिला वाटतंय टिक सरकली असावी.

मी म्हणाले, टिकेला काय पाय फुटतात का? ती पुन्हा म्हणाली, ताई, एकदा बघता का. मी म्हणाले, बघितलंय, नोंद आहे माझ्यासमोर. आणि मग जे म्हणाले ते मला अजून आहे तसं ऐकू येतं.

"सिस्टर, चष्मा बदला."

ती "बरं ताई" म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी साडेनऊला आईचा फोन. सेंटरला जायच्या दिवशी ती सकाळीच एकदा बोलून घेते. त्या दिवशी आवाज तुटक होता. सिस्टरबाईंना काढून राहिलेत, म्हणाली. आज चारला पाळी संपली की लेखी द्यायचं, चूक माझी झाली म्हणून, आणि उद्यापासून यायचं नाही. असं कागदावर आलं की लातुरात दुसरा कुठला दवाखाना दारात उभा करील? नवरा अंगावरून वारं गेल्यापासून घरीच आहे, घर तिच्या एकटीवर चालतं. हे सगळं आई मला जणू मीच काढून टाकलंय अशा सुरात सांगत होती. काढलं मीच होतं, पण तेव्हा आम्हा दोघींनाही ते नीट कळलेलं नव्हतं.

मी म्हणाले, आई, मला पण वाईट वाटतंय, पण चूक झाली तिची. त्यावर आई भडकली. माझा तापटपणा कुणाकडून आलाय ते अशा वेळी कळतं. म्हणाली, तिची चूक न्हाई, मी समोर बसले होते, सरांना भाकरी कुस्करून खा म्हणलेलं मी कानानं ऐकलं. आणि मग सहज, दुसराच विषय असल्यासारखं, म्हणाली की त्या दिवशी माझी पण नळी गोठली, अडीच तासातच मशीन बंद करावं लागलं, तुला काळजी नको म्हणून सांगितलं न्हाई.

मी खुर्चीत सरळ झाले. विचारलं, तुझा नंबर कितवा असतो?

"सरांच्या खालचा. ते चार, मी पाच. दोन नंबरवाला आलाच न्हाई, त्याचं नाव काढलं. आपल्या टँकरच्या रांगेत दगडांचं व्हायचं, तसं झालं का काय बाई ते?"

टँकरच्या रांगेतले दगड. लातूरला पाणी नव्हतं त्या वर्षांत आमच्या गल्लीत टँकर यायचा, कधी यायचा ते टँकरलाच ठाऊक. बाया दिवसभर उभ्या राहणार कशा? मग प्रत्येकीने एकेक दगड आणून ओळीत ठेवायचा. दगड ठेवला की नंबर लागला. मी तिसरी, मी पाचवी, मी नववी, एवढं लक्षात ठेवून घरी जायचं, भाकरी थापायच्या. टँकरचा भोंगा वाजला की धावत यायचं आणि आपल्या नंबरच्या दगडापाशी उभं राहायचं. पण मधेच एखादीने आपला दगड उचलला, किंवा एखाद्या टारगटाने लाथेने उडवला, की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकायचे. आणि मग पाचवी म्हणायची पाचवा दगड माझा, तर तो असायचा मुळात सहाव्या बाईचा. दगडाला कुठे माहीत असतं आपण कुणाचे ते! तिथे झिंज्या धरेपर्यंत तकरार व्हायची. आईने एक दिवस वैतागून दगड ठेवायचं बंद केलं आणि नाव घातलेला हंडा ठेवायला लागली. लग्नात आलेला, गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांनी तिच्या वडिलांचं नाव कोरलेला. तो कुणी कुठेही सरकवला तरी नाव हंड्याबरोबर जायचं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन, त्या हंड्यावर बसून राखण करायचे.

आई बोलतच होती. मी म्हणाले, आई, ठेव फोन, आणि त्या पडद्याचा कोड उघडला.

पडदा दाखवायला आम्ही एक लायब्ररी वापरतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड; ती पडद्यावर काय करते ते आता सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. आम्ही पडदा स्वतः हाताने रंगवत नाही. आम्ही तिला फक्त सांगतो की माहिती अशी अशी आहे, तर पडदा असा दिसला पाहिजे. ती त्याचं एक कच्चं चित्र मनाशी धरते. माहिती बदलली की दुसरं कच्चं चित्र काढते, दोन्ही शेजारी ठेवते, कुठे फरक पडला ते शोधते, आणि पडद्यावर फक्त तेवढ्याच जागी हात लावते. बाकीचं जिथल्या तिथे राहू देते. म्हणूनच एका ठिकाणी तुम्ही काही लिहीत असताना दुसरीकडचा आकडा बदलला तरी तुमचं अर्धवट लिहिलेलं पुसलं जात नाही. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मला कुणाचं तरी हुशार घर आवरणं बघितल्यासारखा आनंद झाला होता. पसारा तेवढाच उचलायचा, झोपलेल्याला उठवायचं नाही.

पण यादी आली की तिला एक अडचण येते. जुन्या चित्रातली कुठली ओळ नव्या चित्रातली कुठली, हे तिला आपोआप कळत नाही. त्यासाठी प्रत्येक ओळीला एक ओळखखूण द्यावी लागते. दिली नाही तर ती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या पडद्यावर लाल अक्षरांत कुरकुर करते. रीत अशी की पेशंटचा स्वतःचा, कधी न बदलणारा नंबर खूण म्हणून द्यायचा. आणि आळशी माणसाची रीत अशी की ओळीचा क्रमांकच खूण म्हणून द्यायचा. पहिली, दुसरी, तिसरी. लाल अक्षरं लगेच जातात. आमच्या धंद्यात हे सगळे करतात आणि सगळे एकमेकांना करू नका म्हणून सांगतात. मी पण नव्या पोरांना सांगितलेलं आहे. आणि सेंटरचं काम द्यायच्या शेवटच्या दिवशी ती लाल अक्षरं डोळ्यांत खुपत होती म्हणून मी तेच केलं होतं. हंडा हाताशी असताना दगड ठेवला होता.

म्हणजे सोमवारी दोन नंबरचं नाव गेलं, तेव्हा लायब्ररीला वाटलं की मधलं कुणी गेलंच नाही. तिच्या हिशेबी शेवटची ओळ कमी झाली, आणि दोन नंबरपासून खाली फक्त नावं बदलली. मग तिने इमानेइतबारे नावं बदलली. चौकोनातली टिक अजून जतन झालेली नव्हती, ती नुसती त्या ओळीत बसलेली होती. ओळ तिच्या लेखी तीच, मग तिला कशाला हात लावायचा? गुरुजींचं नाव तिसऱ्या ओळीत गेलं. चौथ्या ओळीत आईचं नाव आलं, आणि तिथे गुरुजींची टिक तशीच बसून होती. सिस्टरने 'जतन करा' दाबलं. गुरुजींना हेपरिन गेलं, आणि आईला ते मिळालंच नाही म्हणून तिची नळी गोठली.

तिने मला फोनवर हेच सांगितलं होतं. शब्दाला शब्द.

तरीही मी करून बघितलं. बारा खोटी नावं, चौथ्यावर टिक, दोन नंबर काढला. नावं वर गेली आणि टिक जागेवरच राहिली. पाच वेळा केलं. पाचही वेळा राहिली.

घड्याळात दहा वाजून गेले होते आणि बाराला पुन्हा पाळी होती. आधी काउंटरवर फोन केला, आज कुणी आलं नाही तरी कुणाचं नाव काढू नका, मी सांगेपर्यंत. मग दुरुस्ती केली. दुरुस्ती एका शब्दाची होती. एका शब्दाची! वीस मिनिटांत सेंटरवर चढवली, जुनी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर ठेवून दिली.

मित्र आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, झालं ना दुरुस्त, मग आता गप्प बस. पुढच्या आठवड्यात नांदेडच्या मोठ्या दवाखान्याचं काम आपल्याला मिळतंय का नाही ते ठरणार आहे, आणि तिथल्या डॉक्टरांची आणि यांची ऊठबस आहे. सिस्टरसाठी नंतर कुठे शब्द टाकू. मी त्याच्यावर ओरडले. पण ओरडायच्या आधी पाच मिनिटं मी त्याच्या बाजूने विचार केला होता, हे लिहून ठेवते. ग्रुपवर मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. लाज माझी मला वाटत होती आणि राग त्याच्यावर काढत होते.

डॉक्टरांना फोन लावला, ते ओपीडीत होते, उचलला नाही. सिस्टरला लावला. पूर्ण वाजून बंद झाला. परत लावला, परत तसंच. माझा नंबर बघून कोण उचलणार होतं? लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्टँडवर गेले. अकराची लातूर गाडी साडेअकराला निघाली.

ग्रुपवर दोन ओळी टाकायला गाडीतून काय हरकत होती, असं कुणीही विचारेल. मी पण स्वतःला विचारत होते. स्वतःला सांगितलं की दाखवल्याशिवाय कुणाला पटणार नाही, समोरासमोर सांगावं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे भीती. आईने तिथे सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं, पोरीनं केलंय ते.

लोहा गेलं. अहमदपूरला ड्रायव्हर चहाला उतरला, दहा मिनिटं म्हणून पंचवीस मिनिटं लावली. मी कंडक्टरशी भांडले. तो म्हणाला, ताई, तुमच्या घरी काही वाईट बातमी हाय का? मी हाव म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. सव्वादोन वाजले होते. आई आत्ता मशीनवर असेल. सुई तिनेच घातली असेल, आजची शेवटची. चाकूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, एका बाजूने गाड्या सोडत होते. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे.

साडेतीनला स्टँड, रिक्षा, पावणेचारला सेंटर. आईने मला दारातून बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले, ही मधेच कुठून उगवली. तिच्या खुर्चीपाशी सिस्टर उभी होती, मशीनवरचा आकडा कागदावर उतरवून घेत. तिच्या नाकावर नवा चष्मा होता, जाड तपकिरी काड्यांचा. काचेच्या कोपऱ्यात दुकानाचा बारका स्टिकर अजून तसाच होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागदाकडे बघायला लागली.

मला तिथेच काहीतरी बोलायचं होतं. मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

टेबलावर पेपरवेटखाली कागद होता. सही झालेली होती. बाराच्या आधीच करून दिली होती तिने, चारची वाट न बघता. 'माझ्या नजरचुकीमुळे' अशी सुरुवात, अक्षर शाळेतल्यासारखं गोल. आणि त्या कागदाला मागून माझ्या मंगळवारच्या मेसेजचा प्रिंट टाचलेला. 'मानवी चूक.'

मी बसले नाही. लॅपटॉप उघडला, जुनी आवृत्ती लावली, बारा नावं, चौथ्यावर टिक, दोन नंबर काढला. डॉक्टरांनी बघितलं. मग बोटाने तो प्रिंट माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, मग हे? मी म्हणाले, ते मी न तपासता लिहिलं. तिने मला बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांनी सिस्टरला आत बोलावलं. मला ते चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

सिस्टर दाराशी उभी राहिली. मी तिला जवळ या म्हणाले आणि तिच्यासमोर करून दाखवलं. चौथी ओळ, टिक, दुसरं नाव गेलं, नावं वर सरकली, टिक राहिली. ती बघत होती.

"परत दाखवा."

परत दाखवलं.

"अजून एकदा. मी करते."

तिने स्वतः माऊस धरला. चौथ्या ओळीवर टिक केली, बोट पडद्यावर त्या टिकेपाशी टेकवून ठेवलं, आणि मला दुसरं नाव काढायला लावलं. तिच्या बोटाखाली नाव बदललं. बोट तिथेच, टिक तिथेच. तिने बोट बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाली, म्हणजे मी बरोबरच केली होती.

मी हाव म्हणाले. डॉक्टरांनी पेपरवेट उचललं आणि कागद तिच्याकडे धरला, म्हणाले हा फाडून टाका. तिने तो फाडला नाही. घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळली. तो मेसेज जिथे टाकला होता तिथेच दुसरा टाका, म्हणाली, सगळ्यांनी तो वाचलाय. काउंटरवरच्या पोरीनं पण वाचलाय.

मी उभ्या उभ्या लिहिलं. या वेळी पुसलं नाही. 'सोमवारची चूक माझ्या सॉफ्टवेअरची होती. सिस्टरने टिक बरोबर केली होती. मंगळवारी मी तपासल्याशिवाय लिहिलं. गुरुजींची आणि सिस्टरची मी माफी मागते.' पाठवलं, आणि बाहेर हॉलमध्ये एकामागून एक फोन वाजले. काउंटरवर, टेक्निशियनच्या खिशात, सिस्टरच्या स्वतःच्या एप्रनमध्ये. तिने काढून वाचला. सगळा वाचला, सावकाश.

मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क माझा नव्हता. मी म्हणाले, सिस्टर, मी फोनवर तुम्हाला चष्म्याचं बोलले ते मला माफ करा. त्यात काही अर्थ नव्हता, मी दुसऱ्याच कामावर वैतागले होते.

तिने नाकावरचा चष्मा काढला आणि उलटसुलट करून बघितला, कुणा दुसऱ्याची वस्तू हातात आल्यासारखा.

"काल तुमचा फोन ठेवला अन् तशीच गेले दुकानात. त्यानं दोनदा तपासलं. म्हणला, नंबर तोच हाय बाई, काही बदललं न्हाई. मीच म्हणलं, तरी द्या नवा. तुम्ही इतकं ठासून म्हणलात, मला वाटलं त्यालाच तपासता आलं नसंल."

बाहेर आईच्या मशीनची घंटी वाजली, चार तास झाले होते. सिस्टर गेली. मी दारातून बघत होते. तिने नवा चष्मा खिशात त्या कागदापाशी ठेवला, जुना काढून लावला, आणि आईच्या हातातली सुई काढून त्या जागेवर कापूस दाबून धरला. आईने मला खुणेने विचारलं, काय झालं? सिस्टरनेच तिला सांगितलं, काही न्हाई आई, तुमच्या पोरीनं चूक शोधली.